रस्ता आणि रिंगण : स्वसंरक्षण व लढाऊ क्रीडा यांच्या फारकतीची पार्श्वभूमी

स्वसंरक्षणाचे वर्ग घेणारे अनेक शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात की मुष्टियुद्ध, ज्युदो, कुस्ती हे खेळ आहेत, खेळाला नियम असतात आणि रस्त्यावर कोणी नियम पाळत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यांचे त्यावरचे उत्तरही ठरलेले असते : जो डाव पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसावर कधी घोटलाच नाही, तो ऐन वेळी हाताला येत नाही. या वादाला अलीकडे जोर आला असला तरी त्याची मुळे बरीच मागे जातात, आणि ती तपासली की दोन्ही प्रवाह एकाच अडचणीतून निघाल्याचे दिसते. माणसाला जायबंदी करण्याची विद्या कोणाला जायबंदी न करता शिकवायची कशी, ही ती अडचण.

प्राचीन ग्रीसमध्ये इ. स. पू. ६४८ पासून ऑलिंपिक खेळांत पँक्रेशन हा प्रकार होता. ठोसे, लाथा, पकडी, गळा आवळणे हे सारे त्यात चालत असे; मनाई होती ती चावण्याला आणि डोळ्यांत बोटे घालण्याला. इतक्या मोकळ्या लढतीलाही दोन नियम लागलेच. पुढे इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये मुष्टियुद्धाचे लेखी नियम केले, त्यांनुसार पडलेल्या माणसावर प्रहार करणे आणि कमरेखाली धरणे निषिद्ध ठरले, मात्र कमरेच्या वर धरून प्रतिस्पर्ध्याला आपटणे हा तेव्हाच्या उघड्या मुठींच्या लढतीतला रीतसर डाव होता. तो संपला १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांमुळे, ज्यांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडल्यावर उठण्यासाठी दहा सेकंदांची मुदत आणली व पकडीला बंदी घातली.

हातमोज्यांनी मुष्टियुद्धाचे स्वरूप किती बदलले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. मोजा मार खाणाऱ्याच्या चेहऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, मारणाऱ्याच्या हाताची काळजी घेतो, आणि म्हणूनच डोक्यावर एकामागून एक जोरदार ठोसे लगावणे शक्य होते. ऑगस्ट १९८८ मध्ये तत्कालीन हेवीवेट विश्वविजेता माइक टायसन आणि मिच ग्रीन हा मुष्टियोद्धा न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात रस्त्यावर भिडले. ग्रीनचा डोळा सुजून मिटला, पण टायसनच्याही उजव्या हाताच्या हाडाला तडा गेला आणि त्याची पुढची लढत लांबणीवर पडली. जगातला सर्वांत धोकादायक मानला जाणारा हातसुद्धा पट्टी आणि मोज्याशिवाय कवटीपुढे असा नाजूक ठरला.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा निर्णय. १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत आणि नऊ शिष्यांना घेऊन त्यांनी कोदोकान या आपल्या ज्युदो शाळेची सुरुवात केली. त्यांनी स्वतः जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येच्या दोन परंपरा शिकल्या होत्या आणि त्यांतले मर्मावरचे प्रहार व सांधे मोडणारे डाव त्यांना चांगले ठाऊक होते. असे डाव त्यांनी टाकून दिले नाहीत. ते ‘काता’मध्ये, म्हणजे आधी ठरवलेल्या हालचालींच्या सरावात, जपून ठेवले. उरलेल्या डावांसाठी मात्र ‘रांदोरी’ हा मोकळा सराव त्यांनी शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. रांदोरीत समोरचा माणूस गळपट्टी घट्ट धरून असतो, आपला तोल कुठे जातो आहे हे पाहत असतो आणि आपण टाकलेला प्रत्येक डाव उधळून लावण्याच्या तयारीत असतो. अशा माणसावर रोज शंभरदा फसलेला डाव एक दिवस लागतो, तेव्हा तो खऱ्या अर्थाने आपला होतो. रांदोरीतून घातक डाव वगळल्यामुळेच उरलेले डाव सर्वस्व पणाला लावून घोटता आले, आणि कोदोकानचे सामर्थ्य त्यातून आले.

या सौद्याची किंमतही मोजावी लागली. स्पर्धेचे नियम बदलले की कलेचे अंग बदलते : २०१० पासून आंतरराष्ट्रीय ज्युदोत हाताने पाय धरून पाडण्यावर निर्बंध आले, आणि रस्त्यावर कोणीही सहज करील अशा त्या हल्ल्याला तोंड देण्याचा सराव स्पर्धकांना कमी मिळू लागला. कराटेत, आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांचा स्पर्धेला विरोध होता. त्यांचे निधन झाले त्याच वर्षी, १९५७ मध्ये, जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

दुसरा प्रवाह पोलीस आणि सैन्य यांच्या गरजेतून वेगळा झाला. विल्यम फेअरबेर्न १९०७ मध्ये शांघायच्या पोलीस दलात दाखल झाले, तिथल्या रस्त्यांवर त्यांनी बेदम मारही खाल्ला, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना शिकवताना त्यांनी हनुवटीखाली तळहाताचा तडाखा, तळहाताच्या कडेचा वार अशा मोजक्याच गोष्टींवर भर दिला. सैनिकाला शिकवायला वर्षे नव्हती, थोडे दिवस होते. क्राव मागा या इस्रायली सैन्याच्या स्वसंरक्षण पद्धतीचे जनक इमी लिख्टेनफेल्ड हे ब्रातिस्लाव्हात वाढलेले कुस्तीगीर व मुष्टियोद्धा. १९३० च्या दशकात ज्यूंवर चाल करून येणाऱ्या टोळ्यांशी झुंजताना आखाड्यातले कौशल्य जसेच्या तसे पुरत नाही, हे त्यांनी अनुभवले. मात्र फेअरबेर्न कोदोकानचा काळा पट्टा मिळवलेले होते आणि लिख्टेनफेल्ड स्पर्धांतून घडले होते. विरोध करणाऱ्या शरीराची जाण त्यांच्या अंगात आधीच मुरलेली होती. त्यांच्या नावाने पुढे चाललेल्या अनेक वर्गांत डाव तेवढे आले, ती जाण देणारा सराव मागेच राहिला, असे माझे मत आहे.

हीच उणीव १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या, वेगवेगळ्या लढाऊ कलांच्या खेळाडूंना एकमेकांविरुद्ध उतरवणाऱ्या पहिल्या यूएफसी स्पर्धेने चव्हाट्यावर आणली. तिथे वजनगट नव्हते. आर्ट जिमर्सन हा मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून उतरला आणि ब्राझिलियन जुजुत्सूचा खेळाडू रॉयस ग्रेसीने त्याला खाली पाडून वर बसताच त्याने हार मानली. ग्रेसीने त्या एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, त्याही मुख्यतः जमिनीवरच्या पकडींच्या जोरावर. तरीही तिथे एकास एक सामना होता, पंच होता, हत्यार नव्हते, आणि दोघांनाही लढत केव्हा सुरू होणार हे माहीत होते.

हल्ला झालेल्या माणसाला यातले काहीच माहीत नसते, आणि स्वसंरक्षणाचे स्वतःचे असे क्षेत्र इथेच सुरू होते. त्याचा सर्वांत ठोस विकास स्त्रियांच्या प्रशिक्षणात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये एडिथ गॅरुड यांनी मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना जुजुत्सू शिकवले. १९७० च्या दशकात अमेरिकेत डोक्यापासून पायापर्यंत जाड गाद्यांचा पोशाख घातलेल्या ‘हल्लेखोरा’वर पूर्ण ताकदीने प्रहार करण्याची पद्धत आली, आणि कानोंनी डाव वगळून सोडवलेली अडचण इथे डाव ठेवून सुटली.

२०१५ मध्ये कॅनडातील तीन विद्यापीठांच्या ८९३ विद्यार्थिनींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्यांत वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण ५.२ टक्के, तर फक्त माहितीपत्रके मिळालेल्यांत ९.८ टक्के आढळले. त्या बारा तासांत शारीरिक डाव हा एक भाग होता. बाकीचा वेळ धोका लवकर ओळखणे, आणि समोरचा माणूस ओळखीचा असल्यामुळे ओरडायला, ढकलायला, निघून जायला मन कचरते त्या संकोचावर मात करणे, यासाठी दिलेला होता. कारण असा हल्लेखोर बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो.