‘होतं’ की ‘झालं’: स्पॅनिशच्या दोन भूतकाळांचा घोळ

घरच्या घरी स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाची वही उघडली की एक वाक्य हमखास सापडतं: ‘थोडा वेळ चाललेली क्रिया असेल तर इंदेफिनिदो, बराच वेळ चाललेली असेल तर इम्पेर्फेक्तो.’ इंदेफिनिदो (‘झालं’सारखा) आणि इम्पेर्फेक्तो (‘होतं’सारखा) हे स्पॅनिशचे दोन भूतकाळ. अभ्यासाच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या टिपणांतही तोच नियम. माझ्याही वहीत ते होतं, आणि त्यापायी माझं एक वर्ष फुकट गेलं. हा नियम साफ चुकीचा आहे.

स्पेनचाच इतिहास बघा. मुसलमान फौजा ७११ साली द्वीपकल्पात उतरल्या आणि १४९२ साली त्यांचं शेवटचं राज्य ग्रानादा पडलं. मधली जवळजवळ आठशे वर्षं ती सत्ता कुठे ना कुठे टिकून होती. स्पॅनिशमध्ये याला म्हणतात ‘दुरो कासी ओचो सिग्लोस’, जवळजवळ आठ शतकं टिकली. ‘दुरो’ हे इंदेफिनिदो आहे. आठशे वर्षांपेक्षा लांब क्रिया कुठून आणायची? उलट माझे आजोबा रोज रात्री झोपायच्या आधी दाराला कुलूप लावायचे. कुलूप लावायला लागतो अर्धा मिनिट, पण स्पॅनिशमध्ये ते ‘सेर्राबा ला पुएर्ता कोन याबे’, म्हणजे इम्पेर्फेक्तो. क्रिया किती वेळ चालली याचा या निवडीशी संबंधच नाही.

इंदेफिनिदो तुम्हाला येतोच, तेव्हा त्यावर थांबत नाही. आब्ले, कोमी, बिबी (बोलले, जेवले, राहिले) ही रूपं कुठलंही ॲप पहिल्या काही महिन्यांत घोटून घेतं. तुबे, एस्तुबे, पुदे, सुपे, इसे, दिखे अशी वाकडी रूपं पाठच करावी लागतात, आणि ती हाताने लिहून पाठ करावीत असं माझं ठाम मत आहे, बोटाने पडदा टोचून नव्हे. ‘फुई’ म्हणजे ‘गेले’ही आणि ‘होते’ही, ते संदर्भाने कळतं. आघाताकडे मात्र लक्ष द्या: ‘आब्लो’मध्ये जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलते’ आणि ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. घरी एकट्याने शिकणारे इथे ढिले राहतात, कारण टोकायला कोणी नसतं.

इम्पेर्फेक्तोची रूपं तर त्याहून सोपी. ‘-आर’ची क्रियापदं ‘-आबा’ घेतात, बाकीची ‘-इया’. अनियमित क्रियापदं सगळी मिळून तीनच: सेर (असणं), इर (जाणं) आणि बेर (बघणं). एरा, इबा, बेइया. संपलं. रूपांसाठी कोणाची झोप उडायचं कारण नाही.

झोप उडते ती निवड करताना. आपण बहुतेक जण स्पॅनिश शिकतो इंग्रजीतून, आणि इंग्रजीत ‘मला माहीत होतं’ आणि ‘मला कळलं’ या दोन्हींना एकच शब्द चालून जातो. मग ॲप सांगतं की काही क्रियापदांचे भूतकाळात ‘अर्थ बदलतात’, आणि आपण ती यादी पाठ करत बसतो. अर्थबिर्थ काही बदलत नाही. मराठीत विचार केला तर यादी लागतच नाही. साबिया म्हणजे माहीत होतं, सुपे म्हणजे कळलं. कोनोसिया म्हणजे ओळखत होते, कोनोसी म्हणजे ओळख झाली. तेनिया उना इखा म्हणजे तिला मुलगी होती, तुबो उना इखा म्हणजे तिला मुलगी झाली. नो पोदिया दोर्मिर, झोप येत नव्हती. नो पुदे दोर्मिर, झोप आलीच नाही. ‘होतं’ आणि ‘झालं’ यांतला फरक आपण लहानपणापासून अचूक करतो. आपल्या शाळेच्या व्याकरणात अपूर्ण भूतकाळ (‘जात होते’) आणि रीती भूतकाळ (‘जात असे’) असे दोन काळ शिकवले जातात. त्या दोघांचं काम स्पॅनिशमध्ये एकटा इम्पेर्फेक्तो करतो. बोलण्यातलं ‘जायचे, यायचे, करायचे’ही त्यातच आलं.

मी हे शिकले ते एका चुकीतून. कोलंबियातल्या बोगोतामधल्या एका बाईंशी मी दर शनिवारी व्हिडिओवर बोलते, अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी. एकदा त्यांच्या बहिणीने मला निरोप पाठवला की आई दवाखान्यात आहे. त्या शनिवारी भेटल्यावर मला म्हणायचं होतं, ‘तुमच्या आईंचं कळलं.’ मी म्हटलं ‘साबिया’. त्या क्षणभर थांबल्या आणि हळूच विचारलं, ‘आधीपासून? मग मागच्या शनिवारी काही बोलला नाहीत ते?’ मी ‘सुपे’ म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून गेलं होतं ‘मला माहीतच होतं’. डोक्यात वाक्य इंग्रजीतून आलं होतं आणि इंग्रजीने मला तो फरक दाखवलाच नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीत डावीकडे मराठी आणि उजवीकडे स्पॅनिश असतं. इंग्रजीला तिथे जागा नाही.

म्हणजे मराठी कान लावला की काम झालं? नव्वद टक्के वेळा हो. पण एका जागी मराठी कानच फसवतो, आणि चांगले तयार झालेले विद्यार्थी पडतात ते तिथेच.

‘रात्रभर पाऊस पडत होता.’ स्पॅनिशमध्ये काय म्हणाल? ‘पडत होता’ म्हणजे अपूर्ण भूतकाळ, म्हणून इम्पेर्फेक्तो, म्हणून ‘योबिया’? नाही. ‘योबियो तोदा ला नोचे.’ इंदेफिनिदो. आता हे बघा: ‘मी निघाले तेव्हा पाऊस पडत होता.’ ‘क्वांदो साली, योबिया.’ इम्पेर्फेक्तो. मराठीत दोन्हीकडे अक्षरशः तेच दोन शब्द आहेत, ‘पडत होता’. स्पॅनिशमध्ये काळच वेगळा.

फरक असा. दुसऱ्या वाक्यात तुम्ही पावसात उभ्या आहात. तो कधी सुरू झाला, कधी थांबणार, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही; तुम्ही दार उघडलं तेव्हा तो चालू होता, एवढंच. पहिल्या वाक्यात तुम्ही सकाळी चहा घेत गेलेल्या रात्रीकडे बघताय. रात्र पूर्ण झाली, तिला दोन्ही टोकं आली. मुदत सांगितली की टोकं येतात, आणि टोकं आली की इंदेफिनिदो. मराठी मात्र मुदत सांगूनही खुशाल ‘होता’ म्हणते, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही.

याची उदाहरणं रोजच्या बोलण्यात ढिगाने आहेत. ‘मी तीन वर्षं नागपुरात राहत होते’: बिबी त्रेस आन्योस एन नागपूर. ‘तासभर वाट बघत होते’: एस्पेरे उना ओरा. ‘आठवडाभर आजारी होते’: एस्तुबे एन्फेर्मा उना सेमाना. ‘दोन किहोते’ लिहिणारा सेर्वांतेस १५७५ ते १५८० अल्जीर्समध्ये कैदेत होता. मराठीत आपण सहज म्हणतो ‘पाच वर्षं कैदेत होता’, स्पॅनिश चरित्रात मात्र ‘एस्तुबो’ येतं, ‘एस्ताबा’ नव्हे.

यावर मी एक कसोटी वापरते. मराठी वाक्यातलं ‘-त होतं’ काढून तिथे साधा भूतकाळ घालून बघा, आणि नुसतं ‘होतं’ असेल तर ‘राहिलं’ घाला. ‘रात्रभर पाऊस पडला.’ अर्थ बदलला? नाही. मग इंदेफिनिदो. ‘तीन वर्षं नागपुरात राहिले.’ चाललं. इंदेफिनिदो. ‘मी निघाले तेव्हा पाऊस पडला.’ इथे गोष्टच बदलली, आता तो तुम्ही निघाल्यावर आला. मग इम्पेर्फेक्तोच हवा.

आणि मुदत असूनही इम्पेर्फेक्तो येतो अशी एक जागा आहे, पण तिथे मराठी स्वतःच खूण करून ठेवते. ‘तीन वर्षं’ नाही, ‘तीन वर्षांपासून’. ‘तीन वर्षांपासून नागपुरात राहत होते, तेवढ्यात बदली झाली.’ हा ‘पासून’ टोक बंद करत नाही, एकच बाजू सांगतो. बिबिया एन नागपूर देस्दे आसिया त्रेस आन्योस. कसोटीही लागू पडते: ‘तीन वर्षांपासून राहिले’ असं कोणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मला अजिबात सहन होत नाही, ती म्हणजे खुणेच्या शब्दांच्या याद्या. ‘आयेर’ (काल) दिसलं की इंदेफिनिदो, ‘सिएंप्रे’ (नेहमी) दिसलं की इम्पेर्फेक्तो. ‘सिएंप्रे किसे आप्रेंदेर एस्पान्योल’, मला नेहमीच स्पॅनिश शिकायचं होतं, हे अगदी रोजच्या वापरातलं वाक्य आहे आणि त्यात ‘किसे’ इंदेफिनिदो आहे, कारण बोलणारा आजवरचं अख्खं आयुष्य एका नजरेत बघतोय. आणि ‘आयेर योबिया’ पुढे काही घडणार असेल तर उत्तम चालतं. अशा याद्या परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरायला पुरतात, माणसाशी बोलायला नाही.

किरकोळ गोष्टी: वय आणि घड्याळातली वेळ भूतकाळात सांगायची तर इम्पेर्फेक्तो, तेनिया दिएस आन्योस, दहा वर्षांची होते. ‘दहा पूर्ण झाली’ म्हणायचं तर कुंप्ली, इंदेफिनिदो. स्पेनमध्ये बरेच जण आज सकाळी जेवलो त्याला ‘ए कोमिदो’ (हे तिसरंच रूप) म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘कोमी’च. एक धरा आणि पुढे चला.

सरावाला मी पुस्तकातले उतारे घेत नाही. लहानपणीचा एखादा प्रसंग मराठीत चार ओळी लिहायचा आणि मग स्पॅनिशमध्ये मोठ्याने सांगायचा. माझी पहिली गोष्ट अशी होती: एरान लास त्रेस. योबिया. मि आबुएलो दोर्मिया. दे प्रोंतो से फुए ला लुस. तीन वाजले होते, पाऊस पडत होता, आजोबा झोपले होते, आणि एकदम लाइट गेली. पहिल्या तीन वाक्यांत मी आमच्या जुन्या घरातच आहे, कुठलंच टोक दिसत नाही. चौथ्यात ‘से फुए’, आणि स्पॅनिशमध्येही लाइट ‘जाते’च.