जस्त ॲनोडाचे स्थैर्य (जलीय बॅटरीतील)

जलीय इलेक्ट्रोलाइटच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत जस्ताचा ऋण ध्रुव किती चक्रे टिकतो, का बिघडतो आणि तो टिकवण्यासाठी काय करतात, याची ही नोंद आहे. डिस्चार्ज होताना जस्त विरघळते आणि चार्ज होताना पुन्हा पत्र्यावर बसते. घोटाळा होतो तो या परत बसण्यात.

जस्ताची क्षमता दर ग्रॅमला ८२० आणि दर घन सेंमी.ला ५,८५५ मिलीअँपिअर-तास आहे. घनफळाच्या हिशेबाने लिथियम याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. प्रमाण विभव (हायड्रोजनच्या तुलनेत मोजलेले) −०.७६ व्होल्ट, म्हणजे पाण्यातून हायड्रोजन सोडवण्याइतके ऋण, असूनही हा धातू पाण्यात तग धरतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजी सुटत नाही. सहजी सुटत नाही, पण सुटतो. एकदाच वापरायच्या घटांत यासाठी पूर्वी जस्तात पारा मिसळत. पाऱ्यावर बंधने आल्यावर इंडियम आणि बिस्मथ आले. अल्कधर्मी द्रावणात विरघळलेले जस्त झिंकेट (जस्त आणि हायड्रॉक्साइडचा ऋण आयन) होऊन भटकते, भलतीकडे बसते आणि ऑक्साइडचा थर धरते. म्हणून सौम्य आम्लधर्मी झिंक सल्फेटकडे लक्ष वळले. यामामोतो आणि शोजी यांनी १९८६ मध्ये असा जस्त–मँगॅनीज डायऑक्साइड घट मांडला. २०१२ मध्ये चीनमधील कांग फेइयू यांच्या गटाने ‘झिंक-आयन बॅटरी’ हे नाव रूढ केले.

बिघाड तीन सांगतात : हायड्रोजन, गंज आणि डेंड्राइट (फांद्यांसारखी वाढ). प्रत्यक्षात ती एकच साखळी आहे. द्रावणात जस्ताचा प्रत्येक आयन पाण्याचे सहा रेणू सोबत घेऊन पत्र्यापाशी येतो. त्यांतले काही तिथे फुटले की हायड्रोजन सुटतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरते. द्रावणाचा सामू एरवी ४ ते ५ असतो, तो पत्र्यालगत वाढतो आणि क्षारकीय झिंक सल्फेटचे षट्कोनी पापुद्रे साचतात (क्ष-किरण विवर्तनात ८ अंशांजवळची रेषा ही त्यांची खूण). पापुद्रा वीजवाहक नाही, आणि सच्छिद्र असल्याने पत्र्याचे रक्षणही करत नाही. पावसाळ्यात एकावर एक रचलेल्या जस्ती पत्र्यांवर येणारा पांढरा गंज याच जातीचा. मग उघड्या राहिलेल्या मोजक्या जागी प्रवाह एकवटतो, तिथे टोक उगवते, टोकाशी विद्युत् क्षेत्र तीव्र होते आणि तेच टोक आणखी वाढते. वायूही किरकोळ नाही. हायड्रोजनवर १ मिलीअँपिअर-तास खर्च झाला की सुमारे ०.४५ मिलि. वायू होतो; २०३२ मापाच्या नाणे-घटाचे बाहेरून मोजलेले घनफळच जेमतेम १ मिलि. आहे.

उपायांत सर्वांत स्वस्त म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधील मिश्रके. ही युक्ती जुनीच आहे : विद्युत् विच्छेदनाने जस्त काढणारे कारखाने थर सपाट बसावा म्हणून टाकीत सरस घालतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे रेणू पृष्ठभागाला चिकटून जस्ताच्या सुरुवातीच्या कणांची संख्या वाढवतात. डायमिथिल सल्फॉक्साइड आयनाभोवतीच्या पाण्याची जागा घेते. प्रमाण वाढवत नेल्यास द्रावण दाट होते, वाहकता घटते आणि मिळवलेले पुन्हा हातचे जाते. याच दिशेचे टोक म्हणजे अतिसंहत द्रावणे, उदाहरणार्थ एक किलो पाण्यात ३० मोल झिंक क्लोराइड. त्यात मोकळे पाणी फारसे उरत नाही. खर्च आणि वजन मात्र चढते.

पत्र्यावर लेप देणे हा दुसरा मार्ग. तिसरा स्फटिकांच्या दिशेचा : २०१९ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्चर यांच्या गटाने ग्राफीनच्या (कार्बनच्या अतिपातळ पत्र्यांच्या) थरावर जस्ताच्या चकत्या पृष्ठभागाला समांतर बसवून दाखवल्या. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने जस्ताचा स्पंज केला. त्यात प्रवाह सर्वत्र वाटला जातो. पण वाढलेले क्षेत्रफळ गंजालाही तेवढीच जागा देते, हे विसरू नये.

चाचणीसाठी १०० मिलि. २ मोलर द्रावणाला ५७.५ ग्रॅम सप्तजलीय झिंक सल्फेट लागते. ते कमी पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत भरावे. पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासून इथेनॉलने धुवावा. दर वेळी कागद तोच ठेवावा, कारण जस्त ओरखड्यांच्या रेघेवर बसते. पत्र्याची चकती १२ मिमी.ची असेल तर विभाजक (दोन ध्रुवांमधला सच्छिद्र पडदा) १६ मिमी.चा घ्यावा, कडेला थर जाड बसतो आणि शॉर्ट बहुधा तिथूनच होतो. जाड काचतंतूंचा विभाजक डेंड्राइट बराच काळ लपवतो.

‘हजारो चक्रे टिकला’ हा दावा वाचताना पत्र्याची जाडी आधी पाहावी. दर चौ. सेंमी.ला १ मिलीअँपिअर-तास म्हणजे फक्त १.७१ मायक्रोमीटर जस्त. १०० मायक्रोमीटरच्या पत्र्यात ५८.५ मिलीअँपिअर-तास साठा असतो. दर चक्रात १ टक्का वाया गेला तरी नुसत्या साठ्याच्या बळावर ५,००० हून अधिक चक्रे निघतात. जादा साठा नसेल, तर ९९ टक्के कूलोम कार्यक्षमतेने (बसवलेल्या जस्तापैकी परत मिळणारा वाटा) १०० चक्रांनंतर ३७ टक्केच जस्त उरते आणि ९९.९ टक्क्यांनी ९० टक्के. म्हणून १० मायक्रोमीटरचा पत्रा घेऊन त्यातला निम्मा तरी वापरून पाहावा. तांब्याच्या पत्र्यावर जस्त बसवून-काढून ही कार्यक्षमता मोजतात, त्या चाचणीत पहिली काही चक्रे मोजू नयेत, कारण तिथे पितळ बनते. थर बसवल्यावर २४ तास घट तसाच ठेवून मग जस्त काढले, की सलग चक्रांत न दिसलेला गंज आकड्यात उतरतो.

दोन्हीकडे जस्त असलेल्या सममित घटात आणखी एक फसगत होते. डेंड्राइट पलीकडे हलकेच टेकला की व्होल्टेज शून्यावर येत नाही. ते थोडे उतरून चौकोनी, गुळगुळीत दिसू लागते. आलेख सुधारल्यासारखा वाटतो आणि घट मात्र केव्हाच शॉर्ट झालेला असतो. अशा वेळी प्रतिबाध (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) मोजावा : त्याच्या आलेखातले आंतरपृष्ठाचे (जस्त आणि द्रावण जिथे भेटतात त्या सीमेचे) अर्धवर्तुळ आकसून जवळपास नाहीसे झाले असेल, तर त्यापुढची चक्रे गणतीत धरू नयेत.