हिंदी सेनेची ब्रिटिशकालीन पदके : ओळख आणि संग्रह

ब्रिटिश अमदानीत हिंदी, म्हणजे भारतीय, सैनिकांना मिळालेली मोहिमेची, शौर्याची आणि सेवेची पदके, तसेच त्यांच्या फिती व रिबन बार (रोजच्या गणवेशावर लावायच्या फितींच्या आडव्या पट्ट्या) ओळखणे, जुळवणे आणि जपणे हा नाणेसंग्रहाचा शेजारी म्हणावा असा छंद. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली, त्यामुळे ही पदके महाराष्ट्रात दुर्मिळ नाहीत. खेड्यात त्यांना सरसकट ‘बिल्ला’ म्हणतात. ती ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, नाहीतर पणजोबांच्या तसबिरीमागे सापडतात.

नाणे कोणाच्याही खिशात जाते, पदक मात्र एकाच माणसासाठी काढलेले असते. म्हणून जाणकार पदक हातात घेतल्यावर राजाचा चेहरा पाहत नाही, कड पाहतो. मोहिमेच्या बहुतेक गोल पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली किंवा ठोकलेली असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ती सपाट पाठीवर असते. नाव इंग्रजी अक्षरांत आणि कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे, त्यामुळे ओळखीचे मराठी आडनावसुद्धा दोनदा वाचावे लागते. नुसत्या नंबरावर काही कळत नाही, कारण त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालत. नंबर आणि पलटण एकत्र वाचली तरच माणूस सापडतो.

पलटणीच्या नावावरून काळ ठरवता येतो. १९०३ च्या फेररचनेत मुंबईकडच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले : तिसरी झाली १०३ वी, दहावी झाली ११० वी. १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी मिळून ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ ही एकच रेजिमेंट झाली. कडेवर ‘११७ मराठाज’ असेल तर नाव १९०३ ते १९२२ या टप्प्यातले, ‘५ मराठा’ असेल तर त्यानंतरचे. एवढे दोन आकडे पाठ असले तरी घरातल्या पदकाची निम्मी ओळख पटते.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी सर्वांत जवळचे, आणि पाहताना थोडे अवघडायला लावणारे पदक म्हणजे ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. १७९९ ते १८२६ मधल्या लढायांसाठी ते १८५१ मध्ये, म्हणजे पुष्कळ उशिरा मंजूर झाले. खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा, फीत फिकट निळी. फितीवर लढाईच्या नावाची आडवी पट्टी असते. तिला संग्राहक ‘क्लास्प’ म्हणतात. मंजूर झालेल्या २१ क्लास्पांतली कितीतरी नावे आपल्या नकाशावरची आहेत : असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, नागपूर. पेशवाई आणि भोसल्यांचे राज्य ज्या रणांगणांवर गेले त्यांचा हा चांदीतला हिशेब, तोही जिंकणाऱ्याच्या बाजूने मांडलेला. असईची लढाई १८०३ ची, त्यामुळे तिचे पदक मागायला माणसाला आणखी ४८ वर्षे जगावे लागले. हयात असलेल्यांनाच ते मिळायचे होते. हिंदी शिपायांपर्यंत ते फार थोडे पोहोचले. दुर्मिळ असल्याने त्याच्या नकलाही पुष्कळ.

घरोघरी सापडतात ती पहिल्या महायुद्धाची. ‘१९१४-१५ स्टार’, चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि पंख असलेल्या विजयदेवतेचे ब्राँझचे ‘व्हिक्टरी मेडल’ असे त्रिकूट मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), कूतच्या वेढ्यात, बगदादच्या वाटेवर लढलेल्या मराठा शिपायांना मिळाले. वॉर मेडलची फीत मध्ये नारिंगी, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरा, काळा आणि कडेला निळा पट्टा. व्हिक्टरीची फीत इंद्रधनुष्यी, मधोमध लाल. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांना ‘१९१४ स्टार’ होता, आणि दोन्ही तारे एका छातीवर कधीच येत नाहीत. एखाद्या संचात दोन्ही दिसले तर तो संच बाजारात जुळवलेला आहे.

धातूही बोलतो. १८८० च्या दशकापासून १९११-१२ च्या अबोर (आजच्या अरुणाचलातल्या) मोहिमेपर्यंत अनेक पदके लढवय्यांना चांदीत, तर भिस्ती, डोलीवाहक, खेचरवाले यांसारख्या अनुचरांना ब्राँझमध्ये दिली गेली. पहिल्या महायुद्धात मजूर पथकांतल्या लोकांसाठीही ब्राँझचे वॉर मेडल होते. पूर्वी ब्राँझला ‘हलके’ समजून बाजूला टाकत. आता संग्राहक तेच शोधतात, कारण पाणी आणि जखमी वाहणाऱ्याचे नाव दुसरीकडे कुठे सहसा मिळत नाही. चांदीच्या पदकांचे मात्र हाल झाले. एका वॉर मेडलमध्ये तीनेक तोळ्यांच्या आत चांदी. अडीअडचणीला ते सोनाराकडे गेले आणि पैंजणात विरघळले. १९७९-८० मध्ये जगभर चांदी भडकली तेव्हा तर ती ढिगाने मुशीत गेली.

बनावट ओळखायची तर भिंग, कॅलिपर आणि धीर लागतो. जुने नाव घासून नवे कोरले असेल तर कड पातळ होते आणि ३६ मिलिमीटरचा व्यास किंचित घटतो. कॅलिपरने पदक दोन-तीन दिशांनी मोजायचे : नाव असलेल्या जागीच माप कमी भरले की संशय घ्यावा. कोरण्याची पद्धतही पाहावी. जुन्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदकांवर हिंदी पलटणींची नावे पुष्कळदा वळणदार, एकमेकांना जोडलेल्या अक्षरांत असतात, तिथे सुटी ठोकळा अक्षरे दिसली तर थांबून विचार करावा. मागाहून बसवलेल्या क्लास्पची रिव्हेट (जोडखिळा) उरलेल्या रिव्हेटांपेक्षा ताजी दिसते.

फितीवर फार विश्वास ठेवू नये. ती फाटते, बदलली जाते, कधी तिच्या जागी लुगड्याचा काठ आणि सेफ्टी पिन असते. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारी फीत नव्या धाग्याची. पण रिबन बार हा वेगळाच दस्तऐवज आहे. तो समोरून डावीकडून उजवीकडे वाचतात, सर्वांत मानाची फीत आधी. दुसऱ्या महायुद्धाच्या बारवर ‘बर्मा स्टार’ आणि ‘पॅसिफिक स्टार’ शेजारी दिसले तर काहीतरी चुकले आहे, कारण दोन्ही एकत्र देत नसत. ‘डिफेन्स मेडल’ आणि ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ यांचेही तसेच. व्हिक्टरी मेडलच्या फितीवर ब्राँझचे ओकचे पान असेल तर त्या सैनिकाचे नाव युद्धअहवालात आले होते.

शौर्यपदके या छंदात अर्थातच वरच्या पायरीवर. १८३७ पासूनचे ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ आणि १९०७ पासूनचे ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ खास हिंदी सैनिकांसाठी होते. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना १९११ पर्यंत मिळूच शकत नसे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे (मरणोत्तर) आणि नामदेव जाधव यांना तो इटलीतल्या लढाईत, अनुक्रमे १९४४ आणि १९४५ च्या पराक्रमासाठी मिळाला.

जपणुकीचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे स्वच्छता. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर बिल्लेही चिंच-राखेने लखलखीत करायची हौस घरात असते. चाळीसेक वर्षांत पंचम जॉर्जचे नाक सपाट होते आणि कडेवरचा नंबर पुसट होतो, तिथेच पदक मुके होते. काळी झालेली चांदी तशीच राहू द्यावी. भावाभावांत वाटणी करून संच तोडू नये, कारण सुट्या पदकापेक्षा पूर्ण संच जास्त सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेताना आधी कड वाचावी, मग भाव करावा. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि पुरावस्तू परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाही. माणूस मोहिमेत पडला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या याद्या आणि खडकीचे स्मारक तपासावे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या सैनिकाचे बार संग्रहात वेगळे ठेवलेले बरे. १९४७ च्या स्वातंत्र्य पदकावर अशोकचक्राच्या डोक्यावर अजून मुकुट होता, फीत मात्र केशरी, पांढरी, हिरवी. त्यापाठोपाठच्या ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ वर शिवरायांची भवानी तलवार आली, आणि त्या पदकाच्या फितीवर जम्मू-काश्मीरची, पुढे गोवा १९६१ ची क्लास्प चढली. पुढे मानाचा क्रमही बदलला : भारतीय पदके आधी, ब्रिटिश शेवटी. एखाद्या जुन्या सुभेदाराच्या बारवर बर्मा स्टारची फीत मागे सरकलेली आणि भवानीची पुढे आलेली दिसली, तर तो बार बदललेल्या क्रमानंतर शिवलेला आहे.