पार्श्वभूमी : स्त्रीवादाने राजकारणाची हद्द कशी वाढवली

राजाचा अधिकार ईश्वरदत्त नसतो, तो प्रजेच्या संमतीवर उभा असतो, हा विचार सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मूळ धरू लागला. तत्त्वज्ञ जॉन लॉकने त्याला तात्त्विक बैठक दिली. पण याच लॉकने नवरा-बायकोत मतभेद झाले तर अखेरचा शब्द नवऱ्याचा, कारण तो अधिक समर्थ आणि बलवान, असेही लिहून ठेवले. ही विसंगती मेरी अ‍ॅस्टेल या इंग्लिश लेखिकेने नेमकी हेरली. विवाहावरच्या आपल्या पुस्तकाच्या १७०६ च्या आवृत्तीत तिने विचारले : राज्यात निरंकुश सत्ता गरजेची नसेल, तर ती कुटुंबात का लागते? सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील, तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? अ‍ॅस्टेल स्वतः राजनिष्ठ आणि धर्मनिष्ठ होती, लोकशाहीची पुरस्कर्ती मुळीच नव्हती. तरीही स्त्रीवाद ही राजकीय विचारसरणी का आहे, याचे उत्तर मला या दोन प्रश्नांत सापडते. सत्ता दरबारात असते तशी घरातही असते, आणि तिचाही जाब विचारता येतो.

फ्रेंच राज्यक्रांतीने हा प्रश्न रस्त्यावर आणला. १७८९ च्या जाहीरनाम्यात माणसाचे आणि नागरिकाचे हक्क होते; त्यात स्त्री कुठेच नव्हती. म्हणून ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही हवा, असे त्याच्या दहाव्या कलमात तिने म्हटले. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिलाच गिलोटिनखाली जावे लागले, आणि त्याच सुमारास क्रांतिकारी सरकारने स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये मेरी वोल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये दुसरी बाजू लावून धरली. स्त्रिया विवेकात कमी दिसतात, कारण त्यांना तसेच वाढवले जाते; पुरुषाला रिझवण्याचे शिक्षण देऊन त्यांच्याकडून नागरिकाच्या सद्गुणांची अपेक्षा कशी करता? समान विवेक, म्हणून समान शिक्षण आणि समान हक्क, या तिच्या मांडणीवर उदारमतवादी स्त्रीवाद पुढे उभा राहिला.

मताधिकाराची लढाई सर्वांना ठाऊक असते. पण तिच्याआधी एका वेगळ्या आघाडीवर झुंज चालू होती, आणि तिची आठवण क्वचितच काढली जाते. इंग्लिश कायद्यात लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होई. तिची मिळकत त्याची, तिची मजुरी त्याची, मुलेही त्याचीच. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन मारकुट्या नवऱ्यापासून वेगळी झाली, तेव्हा त्याने तिन्ही मुलगे ताब्यात घेतले. लेखनाच्या तिच्या कमाईवरही कायद्याने त्याचाच हक्क होता. तिने पत्रके लिहिली, खासदारांना गाठले, आणि १८३९ मध्ये कायदा झाला : सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्यासाठी आईला न्यायालयात जाता येऊ लागले. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची ठरायला १८७० उजाडले, आणि मालमत्तेवरचा पूर्ण हक्क मिळायला १८८२. स्त्री-पुरुष समता आपल्याला मान्य नाही, असे नॉर्टन जाहीरपणे सांगत असे. स्त्रीवादाचे नाव न घेताही तिने त्याचा पाया घातला.

त्याच १८८२ साली ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. सुरतेतल्या विजयालक्ष्मी या विधवेला आपल्या अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. ताराबाईंचा संताप त्यातून उसळला. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सवाल. विधवेला पुन्हा लग्न नाकारणारा धर्म आणि तिला फसवून नामानिराळा राहणारा पुरुष, दोघांनाही त्यांनी एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

मताधिकाराचा प्रवास थोडक्यात असा. अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स इथे १८४८ मध्ये भरलेल्या स्त्रीहक्क परिषदेत मताधिकाराचा ठराव सर्वाधिक वादग्रस्त ठरला. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी पाठिंबा दिल्यावर तो तरला. न्यूझीलंडने १८९३ मध्ये, फिनलंडने १९०६ मध्ये, अमेरिकेने १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. ब्रिटनमध्ये पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ मध्ये, फ्रान्समध्ये १९४४ मध्ये, स्वित्झर्लंडच्या संघीय निवडणुकांत तर थेट १९७१ मध्ये.

समाजवादी स्त्रियांना हे पुरेसे वाटत नव्हते. मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने १८८४ मध्ये कुटुंबाचे मूळ खासगी मालमत्तेत शोधले होते. तो धागा धरून रशियन क्रांतिकारक अलेक्सांद्रा कोलोंताय म्हणत की स्वयंपाक आणि बालसंगोपन समाजाने उचलल्याखेरीज कामगार स्त्री मोकळी होणार नाही. क्रांतीनंतर रशियात घटस्फोट सोपा झाला, १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर झाला. १९३६ मध्ये स्टालिनच्या राजवटीत तो पुन्हा बंद झाला. मालकी बदलली तरी घरातली सत्ता आपोआप बदलत नाही, हे यातून उघड झाले.

पहिली लाट मताधिकाराची, दुसरी १९६० च्या दशकापासूनची, अशी स्त्रीवादाची विभागणी पाठ्यपुस्तकांत असते. मला ती अपुरी वाटते, कारण कोलोंताय आणि नॉर्टनसारख्या स्त्रिया तिच्यात धड कुठेच बसत नाहीत. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हुआर हिने १९४९ मध्ये स्त्रीपण निसर्गाने दिलेले नसून घडवले जाते, असे मांडले, तेही दोन लाटांच्या मधेच. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत स्त्रिया लहान गटांत बसून आपापले अनुभव बोलू लागल्या. मारहाण, नकोसे बाळंतपण, न संपणारे घरकाम : प्रत्येकीला आपले दुर्दैव वाटणारी गोष्ट सगळ्यांचीच निघाली. जे खासगी ते राजकीय, ही घोषणा त्यातून आली. जहाल स्त्रीवाद्यांनी पितृसत्ता, म्हणजे पुरुषांचे वर्चस्व, हीच स्वतंत्र सत्ताव्यवस्था मानली. १९७२ पासून घरकामाच्या वेतनाची मोहीम सुरू झाली. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंडमधल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही थांबवले. नवरा बायकोवर बलात्कार करूच शकत नाही, हा जुना नियम इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९१ मध्ये मोडीत काढला.

मग प्रश्न चळवळीच्या आतून आला : ‘स्त्री’ म्हणजे कोणती? जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीवर काळ्या स्त्रियांनी भरलेल्या खटल्यात १९७६ मध्ये न्यायालयाने दावा मान्य केला नाही. कंपनी स्त्रियांना घेत होती, पण त्या गोऱ्या आणि कचेरीत; काळ्यांनाही घेत होती, पण ते पुरुष आणि कारखान्यात. वंश आणि लिंग यांचा अन्याय एकत्र मोजायला कायद्याकडे जागाच नव्हती. अमेरिकी कायदेअभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हाच खटला समोर ठेवून आंतरछेदितेची, म्हणजे असे अन्याय एकमेकांत गुंतून येतात ही, संकल्पना मांडली. चंद्रा तळपदे मोहांती यांनी ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ असा एकच दीनवाणा साचा बनवणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासाला आव्हान दिले. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या भूमिकेवरून जातीचा प्रश्न स्त्रीवादाच्या मध्यभागी आणला. मला हा टप्पा फुटीचा वाटत नाही. बाहेरच्या सत्तेला विचारलेला प्रश्न स्त्रीवादाने इथे स्वतःलाही विचारला.

संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार स्वीकारला आणि बहुतेक सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या. मतदान, शिक्षण, नोकरी यांवरच्या कलमांना फारसा विरोध झाला नाही. सोळावे कलम विवाह आणि कुटुंबातल्या समतेचे आहे. अनेक सरकारांनी अटी घातल्या त्या तिथे. भारतानेही १९९३ मध्ये करार मंजूर करताना, कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही, असे या कलमाबाबत नोंदवले. त्या समाजातल्या स्त्रियांची संमती वेगळी विचारायची का, याबद्दल त्या नोंदीत काही नाही.