महिला उमेदवारांविषयीची लिंगभेदी भाषा

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या स्त्रीविषयी बोलताना तिचे काम, पक्ष आणि मते मागे पडून तिचे बाईपणच पुढे येते, अशा शब्दयोजनेला ही संज्ञा लावतात. शिवीगाळ हा तिचा सर्वांत ठळक भाग. मात्र अभ्यासकांचे लक्ष संबोधने, पदनामे, नातेवाचक शब्द आणि स्तुतीची विशेषणे यांकडे अधिकाधिक वळले आहे, आणि ते रास्त वाटते. शिवी कानाला टोचते, ‘सौ.’ टोचत नाही.

संज्ञा : ‘सेक्सिझम’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत लिंगभेद, लिंगवाद, लिंगभावी पूर्वग्रह असे पर्याय आढळतात, त्यांपैकी ‘लिंगभेद’ जास्त रुळला आहे. मूळ शब्द आजच्या अर्थाने पहिल्यांदा कोणी वापरला, यावर एकमत नाही. पॉलीन लीट यांनी १८ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील फ्रँकलिन अँड मार्शल महाविद्यालयात केलेल्या भाषणात वंशवादाच्या धर्तीवर ही संकल्पना मांडली, असे सामान्यतः मानतात. छापील आढळ मात्र कॅरोलाइन बर्ड यांच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणातला धरतात. त्याआधीही हा शब्द तुरळक सापडतो, पण निराळ्या अर्थाने. म्हणून लीट यांच्याकडे श्रेय देणेच अधिक सयुक्तिक दिसते.

प्रथा शब्दापेक्षा बरीच जुनी आहे. व्हिक्टोरिया वुडहल या १८७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. त्या वर्षी १७ फेब्रुवारीच्या ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात व्यंगचित्रकार थॉमस नास्ट याने त्यांना शिंगे आणि पंख लावून सैतानाच्या रूपात काढले. चित्रात मागे एक फाटकी बाई दारुड्या नवऱ्याला आणि पोरांना पाठीवर घेऊन खडकाळ वाट चढते आहे, आणि तुझ्यामागून येण्यापेक्षा संसाराची ही अवघड वाट बरी, असे वुडहलना सुनावते आहे. व्यंगचित्राच्या मथळ्यात सैतानाच्या आधी कंसात ‘मिसेस’ घातले होते. सैतान ठरवतानाही वैवाहिक स्थिती नोंदवायची राहिली नाही.

पदनामे : मराठीत ‘उमेदवार’ हा फार्सीतून आलेला, ‘उमेद बाळगणारा’ या अर्थाचा शब्द दोन्ही लिंगी चालतो, उमेदवार आला, आली, आल्या असे क्रियापद तेवढे बदलते. तरी ‘महिला उमेदवार’ हा जोडशब्द पदोपदी भेटतो, ‘पुरुष उमेदवार’ क्वचितच. महापौर, मंत्री, सभापती हीही पदनामे न बदलता स्त्रियांना लावतात. ‘अध्यक्ष’ आणि ‘अध्यक्षा’ दोन्ही चालतात.

खरा वाद पेटला तो ‘राष्ट्रपती’वरून. प्रतिभा पाटील २००७ मध्ये या पदावर आल्या, तेव्हा स्त्रीलिंगी रूप कोणते यावर चर्चा झडली. जुलै २०२२ मध्ये काँग्रेसचे खासदार अधीर रंजन चौधरी यांनी द्रौपदी मुर्मू यांचा उल्लेख ‘राष्ट्रपत्नी’ असा केला. गदारोळ झाल्यावर जीभ घसरली असे सांगत त्यांनी लेखी माफी मागितली. व्याकरणाच्या अंगाने प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ‘पत्युर्नो यज्ञसंयोगे’ (४.१.३३) या सूत्राने पाणिनी ‘पत्नी’ हे रूप यज्ञातील सहभागाशी जोडतो. पुढच्याच ‘विभाषा सपूर्वस्य’ (४.१.३४) या सूत्राने मात्र ‘पति’च्या आधी दुसरे पद असेल तर हा बदल वैकल्पिक ठरतो. म्हणजे घराची स्वामिनी गृहपत्नी तशीच गृहपतीही. या नियमाने ‘राष्ट्रपति’ हेच रूप स्त्रीलाही निर्दोष लागते. ‘पति’ची व्युत्पत्ती परंपरेने ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूपासून देतात. तौलनिक भाषाशास्त्रात त्याचे नाते ‘नवरा’ या अर्थाच्या ग्रीक ‘पोसिस’शी आणि ‘समर्थ’ या अर्थाच्या लॅटिन ‘पोटिस’शी जोडतात. स्वामी हा अर्थ आधीचा, नवरा हा नंतरचा, असे बहुतेकांचे मत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्व्हेनिस्त यांनी मात्र मुळात ‘स्वतः तोच’ असा अर्थ सुचवला. कोणतेही मत स्वीकारले, तरी आजच्या मराठीत ‘पत्नी’ म्हणजे फक्त बायको, आणि ‘राष्ट्रपत्नी’ खटकते ते त्यामुळेच. याच शब्दाने उलट्या दिशेने ‘सरपंचपती’ घडवला : निवडून आलेल्या सरपंच बाईंच्या जागी कारभार हाकणारा नवरा. इथे ‘पती’ स्वामीही आहे आणि नवराही. शब्द बनवणाऱ्यांनी दोन्ही अर्थ एकदम वसूल केले आहेत.

‘-ईण’ या प्रत्ययाची गतही अशीच. पाटलीण ही बहुधा पाटलाची बायको असते, पाटीलकी सांभाळणारी बाई नव्हे.

संबोधने : पुरुष नेत्याचा उल्लेख आडनावाने आणि स्त्रीचा पहिल्या नावाने करण्याची सवय अनेक भाषांत दिसते. स्टाव्ह अतीर आणि मेलिसा फर्ग्युसन यांच्या २०१८ मधील अमेरिकी अभ्यासात व्यावसायिक पुरुषांना नुसत्या आडनावाने संबोधण्याचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक निघाले, आणि आडनावाने ओळखली जाणारी व्यक्ती अधिक नामवंत समजली जाते असेही दिसले. मराठीत निकष थोडा वेगळा लावावा लागतो, कारण दादा, भाऊ, अण्णा अशी नाती पुरुष नेत्यांनाही चिकटतात. त्यामुळे ‘ताई’ला सरसकट लिंगभेदी म्हणणे पटत नाही. ‘वहिनी’चे तसे नाही. हे नाते नवऱ्यामार्फत लागते, आणि ‘भावोजी’ म्हणून कोणी पुढारी झाल्याचे ऐकिवात नाही. ‘श्री.’ लग्नाविषयी काहीच सांगत नाही, ‘कु.’ आणि ‘सौ.’ सगळे सांगून टाकतात. ‘श्रीमती’ कचेरीच्या भाषेत कोणत्याही स्त्रीला लागते, बोलण्यात मात्र अनेकांना त्यातून वैधव्य ऐकू येते.

रूप आणि घर : जेराल्डीन फेरारो १९८४ मध्ये अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. मिसिसिपीचे कृषी आयुक्त जिम बक रॉस यांनी त्यांना विचारले, तुम्हाला ब्लूबेरी मफिन भाजता येतात का? येतात, तुम्हाला? असे फेरारोंनी विचारल्यावर, आमच्याकडे पुरुष स्वयंपाक करत नाहीत, असे उत्तर मिळाले. फ्रान्समध्ये सेगोलेन रॉयाल यांचे नाव २००६ च्या सुमारास राष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे येताच, ‘पण मुलांकडे कोण बघणार?’ हे वाक्य त्यांच्याच पक्षातील लोराँ फाबियुस यांच्या नावावर फिरले. मुले नसणेही दोषच. ऑस्ट्रेलियात २००७ साली सिनेटर बिल हेफर्नन यांनी पुढे पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड यांना ‘जाणूनबुजून वांझ’ म्हटले. न्यूझीलंडच्या जॅसिंडा आर्डर्न यांना ऑगस्ट २०१७ मध्ये पक्षनेतेपद मिळाल्यावर काही तासांतच मुलांबद्दलचा बेत विचारला गेला.

स्तुतिपर विशेषणे : इंदिरा गांधींना आधी ‘गूंगी गुडिया’ आणि काही वर्षांतच ‘दुर्गा’ म्हटले गेले. पहिला शब्दप्रयोग सामान्यतः राममनोहर लोहियांच्या नावे नोंदवतात. दुसरा १९७१ च्या युद्धानंतर अटलबिहारी वाजपेयींनी केला अशी आख्यायिका आहे. आपण तसे म्हटलेच नव्हते, असे पुढे त्यांनीच सांगितले, तेव्हा हे श्रेय सोडून देणे बरे. ‘मंत्रिमंडळातील एकमेव पुरुष’ हे वाक्य तर इंदिरा गांधी आणि इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेअर या दोघींविषयी सांगतात. बाहुली, देवी आणि पुरुष यांत स्त्री राजकारणी कुठेच नाही. ‘पोलादी स्त्री’चा उगम मात्र पक्का आहे : सोव्हिएत सैन्याच्या ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या वृत्तपत्राने २४ जानेवारी १९७६ रोजी मार्गारेट थॅचर यांना टोमणा म्हणून ते नाव दिले आणि आठवड्याभरात थॅचर यांनी भाषणात ते मिरवले.

परिणाम : किम फ्रिडकिन कान यांनी १९८० च्या दशकातील अमेरिकी सिनेट निवडणुकांच्या बातम्या तपासल्या, स्त्रियांना कमी जागा मिळते आणि त्यातही ‘निवडून येणार का’ याचीच चर्चा अधिक होते, असे त्यांना आढळले. डॅनी हेझ आणि जेनिफर लॉलेस यांना २०१० आणि २०१४ च्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकांत असा फरक जवळजवळ दिसला नाही. दोन्ही निष्कर्षांत विरोध मानण्याचे कारण नाही. काळ वेगळा, पदही वेगळे. शिवाय बातमीतील शब्द मोजले की सभेतले आणि समाजमाध्यमांवरचे सुटतात. टायलर ओकिमोटो आणि व्हिक्टोरिया ब्रेस्कोल यांच्या २०१० मधील प्रयोगांत सत्तेची आस दाखवणारी स्त्री मतदारांना नकोशी झाली, पुरुषाचे तसे झाले नाही. ‘महत्त्वाकांक्षी’ हे विशेषण एकाला शोभते आणि दुसरीला डागते, ते यामुळे. आंतर-संसदीय संघाने २०१६ मध्ये ३९ देशांतील ५५ महिला संसद-सदस्यांकडे केलेल्या चौकशीत ६५.५ टक्के जणींनी अपमानास्पद लिंगभेदी शेरे वारंवार ऐकल्याचे सांगितले.

प्रतिबंध : बोलिव्हियाने २०१२ मध्ये राजकारणातील स्त्रियांच्या छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला गिलार्ड यांनी संसदेत स्त्रीद्वेषाविरुद्ध केलेल्या भाषणानंतर ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाने स्त्रीद्वेषवाचक ‘मिसॉजिनी’ या शब्दाच्या अर्थात स्त्रियांविषयीचा रुजलेला पूर्वग्रहही घातला. भारतात आदर्श आचारसंहितेनुसार, सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करता येत नाही. जयाप्रदांविषयीच्या वक्तव्यासाठी २०१९ मध्ये आझम खान यांच्यावर ७२ तासांची आणि हेमा मालिनींविषयीच्या वक्तव्यासाठी २०२४ मध्ये रणदीप सुरजेवाला यांच्यावर ४८ तासांची प्रचारबंदी निवडणूक आयोगाने घातली.