प्रीमियर लीग : हंगामातील कामगिरीचे मूल्यमापन

प्रीमियर लीग ही इंग्लंडमधील क्लब फुटबॉलची सर्वोच्च साखळी स्पर्धा. ती १९९२ मध्ये सुरू झाली आणि १९९५-९६ पासून तीत २० क्लब आहेत. ऑगस्ट ते मे या काळात प्रत्येक क्लब इतर १९ क्लबांशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळतो. म्हणजे प्रत्येकी ३८ आणि एकूण ३८० सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. तळाचे तीन क्लब खालच्या विभागात, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये जातात आणि तिथून तीन वर येतात. हंगाम संपला की कोणाची कामगिरी कशी झाली याचा हिशोब संचालक मंडळे, वृत्तपत्रे, आकडेतज्ज्ञ आणि पाठीराखे आपापल्या परीने मांडतात. इंग्लिश वृत्तपत्रांत प्रत्येक क्लबला दहापैकी गुण देण्याची जुनी रीत आहे.

गुणतक्त्यातला क्रम हा या हिशोबाचा पाया आहे आणि त्याला पर्याय नाही. पण सातवा क्रमांक एका क्लबासाठी सोहळा असतो, तर दुसऱ्यासाठी प्रशिक्षक बदलण्याचे कारण. म्हणून क्लबाने सुरुवात कुठून केली, त्याच्याकडे पैसा किती होता आणि हंगामाआधी त्याच्याकडून काय अपेक्षा होती, हे तीन प्रश्न प्रत्येक गंभीर मूल्यमापनात येतात.

गुणतक्ता आणि बरोबरी फोडण्याचे नियम

तक्ता निःपक्षपाती वाटतो, पण त्याचे नियमही माणसांनीच ठरवलेले आहेत. १९८१ पर्यंत इंग्लंडमध्ये विजयाला दोनच गुण मिळत. माजी खेळाडू आणि प्रशिक्षक जिमी हिल यांनी तीन गुणांचा आग्रह धरला, त्या वर्षीपासून तो नियम लागू झाला आणि बरोबरीवर समाधान मानणे महाग पडू लागले. समान गुण असलेल्या क्लबांचा क्रम १९७५-७६ च्या हंगामापर्यंत गोलसरासरीने ठरे. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे, अशी ती पद्धत. पुढच्या हंगामापासून गोलफरक आला, म्हणजे साधी वजाबाकी.

या बदलाचे महत्त्व १९२३-२४ च्या हंगामात स्पष्ट दिसते. हडर्सफील्ड टाउन आणि कार्डिफ सिटी दोघांचेही ५७ गुण झाले. हडर्सफील्डने ६० गोल केले आणि ३३ खाल्ले. कार्डिफने ६१ केले आणि ३४ खाल्ले. भागाकार केला तर हडर्सफील्ड १.८१८, कार्डिफ १.७९४. जेतेपद हडर्सफील्डला गेले. आजच्या नियमाने दोघांचा गोलफरक २७ असाच येतो आणि जास्त गोल केल्यामुळे कार्डिफ विजेता ठरतो. शेवटच्या दिवशी बर्मिंगहॅमविरुद्ध गोलशून्य बरोबरीत कार्डिफने पेनल्टी दवडली होती. वेल्समधल्या या क्लबाला आजवर इंग्लिश साखळीचे विजेतेपद मिळालेले नाही. दोन्ही संघांची वर्षभराची मेहनत तीच, निकाल मात्र गणिताच्या चिन्हावर फिरला. तक्त्यातल्या एका पायरीला किती वजन द्यायचे हे ठरवताना हा हंगाम आठवावा.

पुढे १९८८-८९ मध्ये आर्सेनल आणि लिव्हरपूल यांचे ७६ गुण आणि +३७ हा गोलफरकही सारखाच झाला. अखेर ७३ विरुद्ध ६५ अशा केलेल्या गोलांवर आर्सेनल जिंकले. २०११-१२ मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांचे ८९ गुण होते. सिटीचा गोलफरक +६४, युनायटेडचा +५६.

शेवटच्या दिवशी कोणालाही इतरांचे निकाल बघून खेळता येऊ नये म्हणून सर्व दहा सामने एकाच वेळी सुरू होतात, भारतीय वेळेनुसार बहुधा रात्री साडेआठला. २५ मे २०२५ रोजी न्यूकॅसल आणि ॲस्टन व्हिला दोघेही ६६ गुणांवर होते आणि दोघेही त्या दिवशी हरले. न्यूकॅसल घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून ०-१, व्हिला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ०-२. गोलफरक +२१ आणि +७ असल्यामुळे न्यूकॅसल पाचवे आले. त्या वर्षी पाचव्या क्रमांकालाही चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे, दार उघडे होते. व्हिलाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ मध्यंतराआधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. उत्तरार्धात गोलशून्य असताना मॉर्गन रॉजर्सने चेंडू जाळ्यात धाडला, पण चेंडू रेषेपार होण्याआधीच पंचांची शिट्टी वाजली होती आणि गोल धरला गेला नाही. व्हिलाचा संताप समजण्यासारखा होता. तरीही हंगामाच्या हिशोबात मला नोव्हेंबरमधला टॉटनहॅमकडून १-४ आणि फेब्रुवारीतला क्रिस्टल पॅलेसकडून १-४ असे दोन पराभव त्या शिट्टीइतकेच महत्त्वाचे वाटतात. सामना हातचा गेल्यावरही तिसरा-चौथा गोल रोखायची सवय मे महिन्यात कामाला येते.

अपेक्षेच्या तुलनेत

लेस्टर सिटी २०१४-१५ च्या नाताळात तळाला होते आणि कसेबसे सावरून ४१ गुणांसह चौदावे आले. पुढच्या हंगामाआधी सट्टेबाजांनी त्यांच्या जेतेपदाला ५०००-१ असा भाव दिला होता. क्लॉडिओ रानिएरी यांच्या संघाने ८१ गुण मिळवून ते जिंकले, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलपेक्षा दहा गुण जास्त. २०१७-१८ मध्ये मँचेस्टर सिटीने १०० गुण आणि १०६ गोलांचा विक्रम केला. गुण पाहिले तर लेस्टर त्यांच्या आसपासही येत नाही. पण हाताशी असलेल्या साधनांच्या तुलनेत पाहिले तर प्रीमियर लीगच्या इतिहासात लेस्टरच्या त्या हंगामाला तोड नाही. २००३-०४ च्या अपराजित आर्सेनललाही (२६ विजय, १२ बरोबरी) मी त्या मोजमापात लेस्टरच्या खालीच ठेवीन.

विजेतेपद न मिळवताही हंगाम थोर ठरू शकतो, हे इंग्लंडमध्ये मान्य आहे. जॉर्ज बर्ली यांच्या इप्सविच टाउनने २००० मध्ये वर येऊन लगेच ६६ गुणांसह पाचवा क्रमांक मिळवला. त्या वर्षी जेतेपद मँचेस्टर युनायटेडचे, पण सर्वोत्तम व्यवस्थापकाचा मान बर्लींना मिळाला. पुढच्याच वर्षी इप्सविच अठरावे येऊन खाली गेले. एका हंगामावरून क्लबाचे भवितव्य सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२३-२४ मध्ये ३२ गुणांवर, सतराव्या स्थानी, जेमतेम जागा वाचवली होती. नूनो एस्पिरितो सांतो यांच्या हाताखाली पुढच्या हंगामात ६५ गुण झाले. संघ बराच काळ पहिल्या चारांत होता आणि अखेरच्या दिवशी घरच्या मैदानावर चेल्सीला हरवता तर चॅम्पियन्स लीगमध्ये गेला असता. चेल्सीने १-० असा विजय मिळवला आणि फॉरेस्ट सातवे राहिले. हुकलेल्या संधीची रुखरुख मोठी, पण एका वर्षात तक्त्यातले गुण दुपटीहून जास्त झाले हे त्याहून मोठे आहे.

त्याच २०२४-२५ च्या हंगामातला टॉटनहॅमचा खटला मात्र आजही निकाली निघालेला नाही. साखळीत २२ पराभव, ३८ गुण, सतरावा क्रमांक. गोल ६४ केले, ६५ खाल्ले. सतराव्या क्रमांकाच्या संघाचा गोलफरक फक्त -१, हेही विलक्षणच. आणि २१ मे रोजी बिल्बाओ येथे युरोपा लीग या युरोपातील दुसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडवर १-० असा विजय! क्लबाचा २००८ नंतरचा हा पहिला करंडक आणि सोबत चॅम्पियन्स लीगमधील जागा. पंधरा दिवस उलटले आणि प्रशिक्षक अँजी पोस्टेकोग्लू यांना काढण्यात आले. संचालक मंडळाने साखळीला जास्त वजन दिले, हजारो पाठीराख्यांनी करंडकाला. टॉटनहॅमच्या चाहत्यांच्या एका पिढीने करंडक पाहिलाच नव्हता, हे लक्षात घेतले तर पाठीराख्यांचे पारडे मला जड वाटते. तळाचे तीन क्लब त्या वर्षी इतके दुबळे होते (लेस्टर २५, इप्सविच २२, साउदॅम्प्टन १२ गुण) की साखळीकडे दुर्लक्ष करण्याची मुभा टॉटनहॅमला मिळाली. नेहमीच्या वर्षी तसे धाडस अंगलट येऊ शकते.

अपेक्षित गोल

गेल्या दशकात एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, ही मोजणी सर्रास वापरात आली. प्रत्येक फटका कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला गेला हे पाहून पूर्वीच्या हजारो तशाच फटक्यांपैकी किती गोल झाले त्यावरून त्याला ० ते १ मधले मूल्य देतात. पेनल्टीचे मूल्य पाऊण गोलाहून किंचित जास्त धरतात. बीबीसीच्या शनिवार रात्रीच्या फुटबॉल कार्यक्रमात २०१७-१८ पासून हा आकडा दिसू लागला.

त्याचा उपयोग ब्रायटनच्या २०२०-२१ च्या हंगामात पुरेपूर पटला. ग्रॅहम पॉटर यांचा संघ संधी भरपूर निर्माण करी, गोल मात्र होत नसत: ३८ सामन्यांत ४० गोल आणि सोळावा क्रमांक. २७ फेब्रुवारी २०२१ चा वेस्ट ब्रॉमविरुद्धचा सामना म्हणजे त्या हंगामाचा अर्कच. पास्कल ग्रॉसची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली, डॅनी वेलबेकची उभ्या खांबावर. दरम्यान लुइस डंकने पटकन घेतलेल्या फ्री किकवर झालेला गोल शिट्टीच्या गोंधळात रद्द झाला. ब्रायटन ०-१ हरले. तक्त्यावर विसंबलेला मालक अशा वेळी प्रशिक्षक बदलतो. ब्रायटनने आकड्यांवर विश्वास ठेवून पॉटर यांना राखले. पुढच्या वर्षी संघ ५१ गुणांसह नववा आला. २०२२-२३ मध्ये पॉटर चेल्सीकडे गेल्यावरही रॉबेर्तो दे झेर्बी यांच्या मार्गदर्शनाखाली तो सहावा आला.

म्हणून एक्सजीचा खरा उपयोग पुढच्या वर्षाचा अंदाज बांधण्यासाठी. मागच्या वर्षाचा निकाल त्याने बदलता येत नाही. खांबावर आदळलेल्या पेनल्टीला कोणी गुण देत नाही आणि देऊही नये.

पैसा

अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी दाखवून दिले आहे, की दीर्घ काळात क्लबाचा क्रमांक खेळाडूंच्या वेतनखर्चाच्या मागोमाग जातो; खेळाडू विकत घेण्याच्या रकमेशी त्याचा संबंध तितका घट्ट नसतो. त्यामुळे वेतनाच्या यादीत अठरावा असलेला क्लब तक्त्यात बारावा आला तर ते यश, आणि दुसरा असलेला सहावा आला तर अपयश, असा ठोकताळा बरेच जण वापरतात. क्लबांना हा क्रम पैशातही जाणवतो, कारण दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील एक हिस्सा क्रमांकानुसार वाटला जातो आणि अलीकडे एक पायरी म्हणजे सुमारे ३० लाख पौंड असतात.

पैशाइतकेच तो कोणाच्या हाती आहे हेही महत्त्वाचे, याचे उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचे आहे. १९९४-९५ चे विजेते ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने घेतले. डिसेंबरमध्ये संघ तेराव्या स्थानी असताना अनुभवी सॅम अलर्डाइस यांना दूर करून स्टीव्ह कीन यांना नेमण्यात आले. तो हंगाम ४३ गुणांसह पंधराव्या क्रमांकावर संपला. पुढच्या वर्षी ३१ गुण झाले आणि मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हरून क्लब खाली गेला. तेराव्या क्रमांकाचे मोल हंगामाच्या मध्यावर चुकीचे केले गेले, असे या प्रकरणाबद्दल म्हणावे लागते. ब्लॅकबर्न तेव्हापासून प्रीमियर लीगमध्ये परतलेले नाही.

तक्त्याबाहेरच्या गोष्टी

काही हंगामांचे आकडे इतर हंगामांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. २०२०-२१ मध्ये महामारीमुळे बहुतेक सामने रिकाम्या मैदानांत झाले. पाहुण्या संघांनी १५३ आणि यजमानांनी १४४ सामने जिंकले. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात असे पूर्वी कधी झाले नव्हते. त्या वर्षी घरच्या मैदानावर ढेपाळलेल्या संघाला नेहमीच्या मापाने दोष देणे योग्य नाही.

गुणकपातीचेही तसेच. २०२३-२४ मध्ये आर्थिक नियमभंगासाठी एव्हर्टनचे एकूण ८ आणि फॉरेस्टचे ४ गुण कापले गेले. एव्हर्टनच्या नावापुढे ४० दिसतात, पण मैदानावर शॉन डाइश यांच्या संघाने ४८ कमावले होते. प्रशिक्षक आणि खेळाडूंची पारख ४८ वर करावी, क्लबाच्या कारभाराची ४० वर.

यातली सर्वांत कठोर घटना मिडल्सब्रोची. डिसेंबर १९९६ मध्ये आजारपण आणि दुखापतींमुळे २३ खेळाडू उपलब्ध नाहीत असे सांगून हा क्लब ब्लॅकबर्नविरुद्धच्या सामन्याला गेलाच नाही. शिक्षा म्हणून ३ गुण कापले गेले. फाब्रिझियो राव्हानेली आणि जुनिन्यो यांच्या संघाने त्या वर्षी एफए कप आणि लीग कप या इंग्लंडमधील दोन्ही बाद पद्धतीच्या स्पर्धांची अंतिम फेरी गाठली, दोन्हीत हार पत्करली आणि साखळीत ३९ गुणांसह एकोणिसावे स्थान मिळवून तो खाली गेला. ४१ गुण मिळवणारे कव्हेंट्री वाचले. कापलेले तीन धरले तर मिडल्सब्रोचे ४२ होतात.