ताऱ्याच्या स्फोटाला थर्मामीटर कुठे लावायचा?

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने २०१० साली एक आकडा जाहीर केला: ४ लाख कोटी अंश सेल्सिअस. सोन्याची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवल्यावर जो सूक्ष्म थेंब तयार झाला, त्याचं हे तापमान. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश असतात. महाकाय तारा कोसळून फुटतो तेव्हा त्याच्या पोटात साधारण १० हजार कोटी. म्हणजे ब्रुकहेवनच्या बोगद्याने फुटणाऱ्या ताऱ्यालाही चाळीस पटींनी मागे टाकलं, आणि कुणाचं बोटसुद्धा भाजलं नाही.

भाजणार कसं? दोन केंद्रकांच्या त्या टकरीतली सगळी ऊर्जा एकत्र केली, तरी ती चाळीसेक डासांच्या उडण्यात असते तेवढीच भरते. तापमान सांगतं ते एकेक कण किती जोरात धावतोय एवढंच. असे कण किती आहेत, हे ते सांगत नाही. ग्राइंडरवर लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या हजार अंशांच्या वर असतात. हातावर पडल्या तर चटका बसतो न बसतो. उकळतं पाणी शंभर अंशांचंच, पण तांब्याभर अंगावर सांडलं तर दवाखाना गाठावा लागतो. स्फोटांबद्दल वाचताना ‘इतके कोटी अंश’ असं दिसलं की आपले डोळे विस्फारतात. मला विचाराल तर त्या आकड्याने फार भारावून जाऊ नये. आधी विचारावं: हे तापमान किती पदार्थाचं, आणि किती वेळ?

माणसाने केलेला सर्वांत मोठा स्फोट म्हणजे सोव्हिएत संघाचा ‘झार बॉम्ब’. ३० ऑक्टोबर १९६१, नोवाया झेमल्या बेट, ५० मेगाटन. सूर्य दर सेकंदाला असे सुमारे १८० कोटी बॉम्ब फुटावेत इतकी ऊर्जा बाहेर टाकतो, आणि तीही स्फोट न होता, शांतपणे. डायनोसॉरांचा काळ संपवणारी, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेली दहा-एक किलोमीटरची अशनी तरी? तिच्या आघाताची ऊर्जा म्हणजे सूर्याची साधारण एका मिलिसेकंदाची मिळकत. पृथ्वीवरच्या मोजपट्ट्या इथेच संपतात, म्हणून पुढे सूर्य हेच एकक धरू.

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा जन्मभर एकच झगडा करत असतो. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं आणि गाभ्यातल्या अणुभट्टीची उष्णता त्याला तोलून धरते. हायड्रोजन संपला की हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन. प्रत्येक इंधन आधीच्यापेक्षा जास्त तापमानाला पेटतं आणि लवकर संपतं. सूर्याच्या पंचवीसपट ताऱ्यात हायड्रोजन सत्तरेक लाख वर्षं पुरतो. शेवटचं सिलिकॉन ३०० कोटी अंशांना पेटतं आणि जेमतेम एका दिवसात त्याचं लोह होऊन बसतं. लोहापासून पुढे ऊर्जा मिळत नाही. भट्टी विझते.

मग लोखंडी गाभा उभा राहतो तो निव्वळ इलेक्ट्रॉनांच्या दाबावर. हा दाब किती वजन पेलू शकतो याचं गणित १९३० साली, बोटीने इंग्लंडला जाताना, १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेतबटू ताऱ्यांसाठी, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांचं इंधन संपल्यावर उरणाऱ्या लहान, घट्ट गोळ्यांसाठी, मांडलं होतं. मर्यादा साधारण १.४ सूर्यांची. गाभा तिच्यापलीकडे गेला, की पृथ्वीएवढ्या आकाराचा तो गोळा सेकंदाच्याही आत काही डझन किलोमीटरांवर येतो. कोसळण्याचा वेग प्रकाशाच्या जवळपास एक चतुर्थांश होतो. ताऱ्याच्या स्फोटाची ऊर्जा कशाच्या जळण्यातून येते, असं विचारलं तर खरं उत्तर ‘पडण्यातून’ असं आहे. दगड जमिनीवर आपटला की जमीन किंचित तापते. इथे सव्वा-दीड सूर्यांइतकं वस्तुमान स्वतःवरच आपटतं. दहा-बारा सेकंदांत जी ऊर्जा मोकळी होते, ती सूर्य आपल्या १ हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी देईल तिच्या शंभराहून अधिक पट असते.

आता असा फुटलेला तारा, म्हणजे सुपरनोव्हा, आकाशात दिसतो कसा? कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी. आणि त्याचा पृष्ठभाग किती गरम? हायड्रोजनने भरलेल्या नेहमीच्या प्रकारात, स्फोटानंतर काही आठवड्यांनी, पाच-सहा हजार अंश. सूर्याचा पृष्ठभागही एवढाच गरम असतो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पण चूक नाही. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फुगलेला तो गोळा तोवर नेपच्यूनच्या कक्षेच्या दुपटीएवढा झालेला असतो. तेज येतं ते क्षेत्रफळातून. तापमान त्याच आकड्याभोवती अडून राहतं, त्याचंही कारण आहे: त्याहून गरम हायड्रोजन प्रकाशाला अपारदर्शक असतो आणि थंड झाला की पारदर्शक होतो, त्यामुळे आपली नजर नेमकी या सीमेवरच्या थरावर जाऊन थांबते. गोळा निवत जातो तसा हा थर आत सरकतो, आणि तेज तीनेक महिने बरंचसं टिकून राहतं.

म्हणजे दुर्बिणीने मोजलेलं तापमान हे स्फोटाचं नव्हेच, ते त्याच्या पांघरुणाचं. प्रकाशाच्या वाट्याला एकूण ऊर्जेतला जेमतेम दहा हजारावा हिस्सा येतो. एक टक्का ऊर्जा ताऱ्याचे थर उधळण्यात जाते. उरलेले ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. या कणांना कशाशीच फारसं देणंघेणं नसतं.

पोटातलं खरं तापमान एकदाच मोजलं गेलं आहे, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी. मोठा मॅगेलॅनिक मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, एक निळा महातारा कोसळला. चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना तो त्या रात्री फोटोच्या काचेवर दिसला. पण त्याच्या आधीच, ताऱ्याचा उजेड पृथ्वीवर पोहोचण्याच्या दोन-तीन तास अगोदर, न्यूट्रिनो येऊन गेले होते. स्फोटाच्या लाटेला ताऱ्याचे थर फोडून बाहेर यायला तास लागतात. न्यूट्रिनो त्या थरांना विचारतच नाहीत. पृथ्वीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून ते अब्जावधींनी गेले. सापडले किती? जपानमधल्या कामिओकांडे प्रयोगाच्या पाण्याच्या टाकीत ११, अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत ८, कॉकेशसमधल्या बाक्सान वेधशाळेत ५. कामिओकांडेची टाकी खरं तर प्रोटॉन कधी विघटित होतो का हे पाहायला बांधली होती, आणि तिथल्या घड्याळात तेव्हा मिनिटभराची अनिश्चितता होती. विज्ञानाच्या इतिहासातल्या या मोठ्या क्षणाची नेमकी वेळ त्यामुळे अमेरिकेतल्या उपकरणावरून ठरवावी लागते.

तरी ते दोन डझन कण पुरेसे होते. न्यूट्रिनो पाण्यात आदळला की निळसर झगमगाट होतो आणि त्या झगमगाटावरून कणाची ऊर्जा कळते. ऊर्जेवरून उगमाचं तापमान काढता येतं. उत्तर आलं साधारण ४ ते ५ हजार कोटी अंश, म्हणजे जिथून न्यूट्रिनो शेवटचे निसटतात त्या थराचं. एकूण ऊर्जेचा हिशेबही कागदावरच्या गणिताशी जुळला. कामिओकांडेचे मासातोशी कोशिबा यांना २००२ साली नोबेल मिळालं.

श्वेतबटू फुटतो ती गोष्ट वेगळी. तिथे कोसळणं नाही, खरोखरीचा अणुस्फोट असतो. सबंध तारा काही सेकंदांत भडकतो आणि त्यात सूर्याच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून थोडं अधिक किरणोत्सारी निकेल तयार होतं. स्फोटाची मूळ उष्णता तर प्रसरणातच विरते. आपल्याला महिनोन्‌महिने दिसतो तो उजेड या निकेलचं कोबाल्ट आणि कोबाल्टचं लोह होताना निघालेल्या उष्णतेचा.

गॅमा किरणांचे स्फोट याहून झगझगीत. चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना ते २ जुलै १९६७ रोजी पहिल्यांदा दिसले आणि १९७३ साली ही बातमी जगापुढे आली. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट तर सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरून आला, तरी त्याने पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर ढवळला. पण यांच्या ताकदीचे आकडे जपून वाचावेत. ही ऊर्जा अरुंद झोतातून निघते. झोताच्या तोंडाशी आपण असलो, तर चारही दिशांना तेवढाच उजेड आहे असा समज होतो आणि आकडा शेकडो पटींनी फुगतो.

आणि १४ सप्टेंबर २०१५. सूर्याच्या ३६ आणि २९ पट अशी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळून ६२ पटीचं एक झालं. हरवलेल्या तीन सूर्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा सेकंदाच्या अंशात गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच ताणणाऱ्या-आकसणाऱ्या लाटांच्या, रूपाने बाहेर पडली. त्या क्षणी तिची शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाच्या सुमारे पन्नासपट होती. तापणारं मात्र तिथे काही नव्हतंच. १३० कोटी वर्षांनी ती लाट अशा लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या ‘लायगो’ उपकरणाच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमधून गेली, तेव्हा त्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतकी बदलली.